थ्री-नॉट-थ्रीला ०.३०८ ची गोळी चालेल का? आधी नळी नीट मोजा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं, की जुनी थ्री-नॉट-थ्री ली-एनफील्ड आहे, रीलोडिंग, म्हणजे रिकाम्या पुंगळ्यांत पावडर आणि गोळी घरी भरणं, नुकतंच सुरू केलंय, हाताशी ०.३०८ इंच व्यासाच्या गोळ्यांचा (गोळी म्हणजे इथे पूर्ण काडतूस नव्हे, नळीतून उडणारा तुकडा) न फोडलेला डबा आहे, नळीतून शिशाचा तुकडा ठोकून पलीकडे काढला, डिजिटल कॅलिपरने मोजला तर बरोब्बर ०.३०८ आला, मग त्याच गोळ्या भरल्या तर बिघडलं काय. आणि मित्राच्या आठ एमएम माउझरला ०.३१८ घ्यायची की ०.३२३, हे दुसरं.

पहिल्याचं उत्तर आधीच देऊन टाकतो, त्या गोळ्या भरू नका. माप चुकलंय. तुम्ही मोजलंत हेच खूप आहे, बरेच जण तेवढंही करत नाहीत, पण ली-एनफील्डच्या नळीत बहुतेक वेळा पाच खाचा असतात आणि पाच खाचांची नळी साध्या कॅलिपरने मोजली की माणूस हमखास फसतो. कसा ते सांगतो, पण त्याआधी दोन शब्द पक्के करू.

नळीच्या आत रायफलिंगच्या खाचा कापलेल्या असतात, त्यांना ग्रूव्ह म्हणतात, आणि दोन खाचांच्या मध्ये जो न कापलेला उंच पट्टा राहतो तो लँड. समोरासमोरच्या दोन लँडमधलं अंतर म्हणजे बोअर, आणि खाचेच्या तळापासून समोरच्या खाचेच्या तळापर्यंतचं अंतर म्हणजे ग्रूव्ह डायमीटर. गोळी निवडायची ती ग्रूव्ह डायमीटरवर, बोअरवर नाही, कारण गोळीने खाच तळापर्यंत भरली पाहिजे, नाहीतर मागचा गॅस खाचेतून तिच्या पुढे पळतो. सगळा हिशोब थाऊमध्ये चालतो, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात. माणसाचा केस साधारण दोन ते चार थाऊ जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या की आपण किती बारीक फरकाबद्दल बोलतोय.

आता तुमची नळी. थ्री-नॉट-थ्री हा आकडा बोअरचा आहे, ०.३०३, लँड ते लँड. खाच मूळ रचनेप्रमाणे साधारण पाच थाऊ खोल, दोन्ही बाजू धरल्या तर दहा, म्हणजे ग्रूव्ह आला ०.३१३ च्या आसपास. पण खाचा पाच आहेत, विषम, त्यामुळे एका खाचेच्या बरोब्बर समोर दुसरी खाच येतच नाही, लँड येतो. तुमच्या शिशाच्या तुकड्यावर हे उलटं उमटलेलं असतं, खाचेच्या जागी उंच कणा आणि लँडच्या जागी खळगा, मग कॅलिपरचा एक जबडा कण्यावर बसतो आणि दुसरा खळग्याच्या तळावर. अर्धा ग्रूव्ह अधिक अर्धा बोअर, ०.१५६५ अधिक ०.१५१५, बेरीज करून बघा. ०.३०८. कॅलिपर खोटं बोललेलं नाही, त्याने दोन वेगळ्या गोष्टींची अर्धी-अर्धी बेरीज दाखवली आणि ती नेमकी अशा आकड्यावर आली की ज्याच्या गोळ्या सगळीकडे सहज मिळतात. म्हणून हा सापळा मला जास्त धोक्याचा वाटतो, वेडावाकडा आकडा आला असता तर तुम्हाला शंका तरी आली असती.

मग मोजायचं कसं. पहिलं म्हणजे रायफल रिकामी आहे हे डोळ्याने आणि बोटाने दोन्हींनी तपासा, बोल्ट बाहेर काढून ठेवा. नळी तांब्याचा थरसुद्धा निघेपर्यंत स्वच्छ करा, कारण खाचेत जुना तांब्याचा थर असेल तर तुम्ही त्या थराचं माप घेताय, नळीचं नाही. मग आतून हलकं तेल. स्लग, म्हणजे नळीतून ढकलायचा तो तुकडा, शुद्ध मऊ शिशाचा हवा, चाकाच्या वजनांचं किंवा कठीण मिश्रधातूचं शिसं घेतलंत तर ते नळीतून बाहेर पडल्यावर किंचित फुगतं आणि माप मोठं दिसतं. स्लग ग्रूव्हपेक्षा थोडा जाड असावा, म्हणजे आत जाताना त्याची कडा कातरून बारीक शिशाचं कडं तोंडाशी गळून पडेल. ते कडं पूर्ण गोल पडलं की समजायचं स्लगने नळी चारी बाजूंनी भरली.

ढकलायला पितळी सळई घ्या, किंवा स्टीलची घेऊन तिला टेप गुंडाळा. लाकडी काठी वापरू नका हे मी प्रत्येकाला सांगतो, लाकूड रेषेत तिरकं चिरतं, चिरलेली दोन टोकं एकमेकांवर चढून नळीत पाचरीसारखी बसतात आणि मग ती काढणं स्लग ढकलण्याच्या दसपट कठीण. तोंडाकडून सुरू करा, पहिल्या दोन-तीन ठोक्यांनंतर स्लग आत गेला की हलक्या हाताने एकसारखा ढकलत न्या. इथे घाई नको, कारण या ढकलण्यातच नळी सगळं सांगते. हाताला सारखा प्रतिकार लागला तर नळी चांगली, मध्येच स्लग एकदम सैल सरकला तर तिथे नळी फुगलेली किंवा झिजलेली असू शकते, आणि चेंबरजवळ, म्हणजे मागे जिथे काडतूस बसतं त्या खोबणीजवळ, सैल पडणं हे जुन्या लष्करी रायफलीत नेहमीचंच, तिथला घसा गोळ्यांच्या आगीने खाल्लेला असतो. मी दोन स्लग घेतो, एक पूर्ण नळीतून आणि दुसरा फक्त चेंबरच्या बाजूने दोन-तीन इंच आत नेऊन परत मागे काढलेला. दोन्हींची मापं वेगळी आली तर गोंधळू नका, दोन्ही लिहून ठेवा, दोन्ही कामाची आहेत.

मोजायला कॅलिपर नको, मायक्रोमीटर पाहिजे, थाऊच्या दहाव्या भागापर्यंत वाचणारा असेल तर उत्तम. कॅलिपरची चूक सहज एक थाऊची असते आणि इथे एका थाऊवर निर्णय होतात. सम खाचा असतील, चार किंवा सहा, तर स्लग मायक्रोमीटरमध्ये हळूहळू फिरवत जा आणि सगळ्यात मोठा आकडा येईल तो ग्रूव्ह. पाच खाचांना व्ही आकाराच्या ॲन्व्हिलचा, म्हणजे टेकूचा, मायक्रोमीटर लागतो, पाच खाचांच्या कोनाचा, तीन खाचांचा वेगळा येतो. तो नसेल तर सोपा उपाय, एक थाऊ जाडीची पितळी शिमची पट्टी घ्या, स्लगभोवती एकच वेढा घट्ट आवळा, टोकं एकमेकांवर चढू देऊ नका, पट्टी खळग्यांवरून ताणली जाऊन कण्यांवरच टेकते, वरून माप घ्या आणि पट्टीची जाडी दोनदा वजा करा. पट्टी मध्ये किंचित दबते म्हणून पाच-सहा जागी घेऊन मोठा आकडा धरा. पिन गेजच्या, म्हणजे ठरावीक जाडीच्या मोजमापाच्या सळ्यांच्या, भरवशावर राहू नका, पिन लँडवर अडते, ती बोअर सांगते, ग्रूव्ह नाही.

माझ्या अंदाजाने तुम्हाला ०.३१२ ते ०.३१६ च्या मधलं काहीतरी मिळेल. युद्धकाळातल्या ली-एनफील्डच्या नळ्यांमध्ये एवढा फरक पडतो, काहींत तर दोनच खाचा असतात, त्यामुळे दुसऱ्याच्या रायफलीचं माप तुमच्या काही कामाचं नाही.

मी स्वतः हे शिकलो ते एका थ्री-नॉट-थ्रीवरच, ओतीव शिशाच्या गोळ्या करत होतो, ०.३१२ ला साइज केलेल्या, म्हणजे डाय नावाच्या साच्यातून दाबून त्या मापाला आणलेल्या, कारण पुस्तकात गोळीचं माप तेवढंच दिलेलं. पन्नास यार्डांवर कागदावर गोल भोकाऐवजी लांबट भोकं पडायला लागली, म्हणजे गोळ्या आडव्या होऊन लागत होत्या. पंधरा-वीस राउंडनंतर, म्हणजे तेवढी काडतुसं उडवल्यावर, नळीत वाकून बघितलं तर खाचांच्या कडेने शिशाच्या राखाडी चकचकीत रेघा, ब्रशने सहज निघेनात. मी पावडर कमी केली, मग वाढवली, मिश्रण कठीण केलं, ग्रीस बदललं, यात सगळा सीझन गेला, आणि शेवटी नळी मोजली तर ग्रूव्ह ०.३१५. तीन थाऊ लहान गोळी होती, गॅस तिच्या कडेने जाताना शिसं कापत नळीत फासत होता. गोळी ०.३१६ ची केली आणि दुसरं काहीही न बदलता रेघा थांबल्या, भोकं गोल झाली. म्हणून मला कुणी पावडरबद्दल विचारलं की मी आधी नळीचं माप विचारतो.

तर ओतीव शिशाच्या गोळीचा नियम, ग्रूव्हपेक्षा एक ते दोन थाऊ मोठी. जॅकेटवाल्या, म्हणजे शिशावर तांब्याचं आवरण असलेल्या, गोळीचा नियम, ग्रूव्हइतकी, फार तर एक थाऊ जास्त. पूर्ण तांब्याच्या एकसंध गोळीला तर अजिबात सूट नाही, तिच्यात शिशाचा गाभा नसल्यामुळे ती दाबाखाली पसरून खाच भरत नाही, जे माप आहे तेच राहतं. शिशाच्या गाभ्याची सपाट बुडाची जॅकेट गोळी मागून दाब आला की बुडाशी थोडी पसरते, म्हणून एखाद थाऊ लहान असली तरी बऱ्यापैकी निभावून नेते. बोट-टेल, म्हणजे मागे निमुळती होत जाणारी, ती याबाबतीत सगळ्यात वाईट, गॅस त्या निमुळत्या भागाभोवती आयताच शिरतो. तुमच्या जुन्या नळीला ०.३११ किंवा ०.३१२ ची सपाट बुडाची गोळी हे माझं पहिलं सुचवणं. ग्रूव्ह ०.३१५ च्या पुढे गेला तर जॅकेटचा नाद सोडून ओतीवकडे वळा, तिथे माप आपल्या हातात असतं.

०.३०८ च्या गोळीने तुमची नळी फुटणार नाही, हेही खरं, लँड तिला धरतात, ती फिरतेही, पण खाचा उघड्याच राहतात, वेग कमी-जास्त होतो, निशाणा विस्कटतो. आणि लोकांच्या लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे पुंगळीचा नेक, गोळीला धरून ठेवणारी तिची मान. तुमच्या थ्री-नॉट-थ्रीच्या डायमधला एक्स्पँडर, म्हणजे नेक आतून मापाला रुंद करणारा गोळा, ०.३११-०.३१२ च्या गोळीसाठी बनवलेला असतो, तो गोळीपेक्षा साधारण दोन थाऊ लहान असतो म्हणजे नेक गोळीला आवळून धरतो. त्यात ०.३०८ ची गोळी घातली की ती जेमतेम अडकते, मॅगझिनमधून चेंबरमध्ये जाताना धक्का बसला की मागे पुंगळीत सरकते, आतली जागा कमी होते आणि दाब वाढतो. म्हणजे लहान गोळीनेसुद्धा जास्त दाबाचा प्रसंग येऊ शकतो, फक्त आडवाटेने.

मोठ्या गोळीचा धोका मात्र सरळ आहे. पण तिथेही बहुतेकांना वाटतं की मोठी गोळी नळीत पिळून जाते म्हणून दाब वाढतो. तो भाग आहेच, पण त्याआधी नेकचा प्रश्न येतो. गोळी सुटायची तर पुंगळीचा नेक फुगून तिला सोडायला जागा पाहिजे, चेंबरच्या नेकमध्ये. गोळी जाड झाली की भरलेल्या राउंडचा नेकही तेवढाच जाड झाला, तो चेंबरला चिकटून बसला तर फुगायला जागा नाही, गोळी अडकून राहते आणि पावडर जळतेय. दाब कुठे जातो ते सांगायला नको.

याची तपासणी इतकी सोपी आहे की न करण्याला कारणच नाही. तुमच्याच रायफलीतून उडवलेली, साइज न केलेली पुंगळी घ्या आणि जी गोळी भरायची ती तिच्या तोंडात बोटाने सोडा. घरंगळत आत गेली पाहिजे, जोर न लावता. अडली तर तिथेच थांबा. आकड्यात हवं असेल तर गोळीचा व्यास अधिक नेकच्या भिंतीची जाडी दोनदा, हा भरलेल्या नेकचा व्यास, आणि चेंबरचा नेक त्याहून कमीत कमी दोन थाऊ मोठा हवा. चेंबरचा नेक मोजायला सेरोसेफ मिळतं, कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू, चेंबरमध्ये ओतायचा, थंड झाला की काढायचा. ते आधी आकसतं आणि साधारण तासाभराने चेंबरच्या खऱ्या मापावर येतं, त्यामुळे काढल्या काढल्या मोजू नका आणि चार दिवसांनीही नको, पुढे ते अजून वाढत राहतं.

आता नावांचा घोळ, कारण मित्राचा प्रश्न त्यातलाच. काडतुसाच्या नावातला आकडा हे नाव असतं, माप नसतं, कधी बोअरचा असतो, कधी ग्रूव्हचा, कधी दोन्हींचा नाही. थ्री-नॉट-थ्री ब्रिटिशला ०.३११-०.३१२ लागते आणि .३०३ सॅव्हेजला ०.३०८, नावात आकडा तोच. .२७० विंचेस्टरची गोळी ०.२७७, .२८० रेमिंग्टनची ०.२८४, .२६० ची ०.२६४. साडेसहा एमएमच्या बहुतेक सगळ्या काडतुसांना ०.२६४, पण कार्कानोला ०.२६८ च्या आसपास. ७.६२ मध्ये तर नवीन माणूस हमखास चुकतो, ७.६२ नाटोची गोळी ०.३०८, आणि रशियन ७.६२ बाय ५४ आर व ७.६२ बाय ३९ च्या गोळ्या ०.३१० ते ०.३१२, कारण बोअर सारखा असला तरी रशियन खाचा जास्त खोल आहेत. आणि .३०० ब्लॅकआउट हे सगळ्यात घातक उदाहरण, ते .२२३ च्याच पुंगळीपासून बनतं, मॅगझिन तेच, बोल्ट तोच, गोळी मात्र ०.३०८. ते राउंड चुकून .२२३ च्या रायफलीत गेलं आणि चेंबरमध्ये बसलं, तर ०.३०८ ची गोळी ०.२२४ च्या नळीत शिरू बघते आणि रायफल फुटते. रायफली अशा फुटलेल्या आहेत.

आठ एमएम माउझरची गोष्ट अशी. १८८८ साली जर्मन लष्कराने जे काडतूस घेतलं त्याची गोळी ०.३१८. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टोकदार एस गोळी आली ती ०.३२३. पुंगळीची लांबी दोन्हीकडे ५७ मिलिमीटर, दिसायला जवळपास सारखी, आणि जुन्या नळीसाठीच्या शिकारी रायफली त्यानंतरही बनत राहिल्या. यातून ०.३२३ ची गोळी ०.३१८ च्या नळीत जाण्याचा जो धोका उभा राहिला त्याची खूण आजही दाबाच्या मर्यादांमध्ये दिसते, युरोपातली काडतुसांची मानकं ठरवणारी संस्था सीआयपी ८ बाय ५७ आयएसला, म्हणजे ०.३२३ वाल्याला, ३९०० बारपर्यंत परवानगी देते, म्हणजे साधारण ५६,५०० पीएसआय, आणि अमेरिकेतली तशीच संस्था सामी त्याच काडतुसाला ३५,००० पीएसआयवर थांबवते, कारण कुणाच्या हातात जुनी नळी असेल याचा भरवसा नाही. मित्राची रायफल लष्करी ९८, म्हणजे १८९८ चा नमुना, असेल तर बहुतेक ०.३२३ च निघेल, पण बहुतेकवर गोळी भरायची नसते. जुनी ८८, म्हणजे १८८८ चा नमुना, असेल किंवा शिकारी रायफल असेल तर मोजल्याशिवाय एकही राउंड नको, रिसीव्हरवर, म्हणजे नळी ज्यात बसते त्या सांगाड्यावर, एस मारलेला असला तरी, शतकभरात नळ्या बदलल्या जातात, चेंबर कापून मोठे केले जातात आणि शिक्का तसाच राहतो. माउझरच्या नळीत बहुधा चार खाचा, म्हणजे मोजायलाही सोपी.

एक गोष्ट कुणीतरी तुम्हाला सुचवेलच, म्हणून आधीच सांगतो. जॅकेटवाली मोठी गोळी साइझिंग डायमधून ओढून लहान करता येते असं म्हणतात. एखाद थाऊ ठीक आहे, पण जास्त ओढलीत तर तांब्याचं जॅकेट दाब सुटल्यावर परत थोडं फुगतं आणि आतलं शिसं फुगत नाही, म्हणजे गाभा जॅकेटमध्ये सैल होतो. अशी गोळी फिरायला लागली की गाभा आणि जॅकेट एकसारखे फिरत नाहीत, मग गोळ्या कागदावर जवळजवळ लागण्याची अपेक्षा ठेवू नका.

गोळी बदलली की लोडही, म्हणजे पावडरीचं प्रमाण, नवा, वजन तेच असलं तरीही. त्याच व्यासाच्या आणि त्याच प्रकारच्या गोळीचा डेटा छापील मॅन्युअलमधून घ्या, पावडरीच्या कमाल चार्जच्या दहा टक्के खालून सुरुवात करा आणि थोडं थोडं चढत जा. बोल्ट उघडायला जड लागला, प्रायमर, म्हणजे पावडर पेटवणारी पुंगळीच्या बुडातली टोपी, चपटा झाला, बुडावर पुंगळी बाहेर फेकणाऱ्या इजेक्टरची खूण उमटली, तर मागे या, पण हेही लक्षात ठेवा की ली-एनफील्डसारख्या कमी दाबाच्या ॲक्शनमध्ये ही चिन्हं दिसेपर्यंत बऱ्याचदा मर्यादा आधीच ओलांडलेली असते. तिथे मॅन्युअलची कमाल हीच शेवटची पायरी.

तुमचा तो ०.३०८ चा डबा फोडू नका, .३०८ विंचेस्टर किंवा थर्टी-नॉट-सिक्स भरणाऱ्याला तो उपयोगी पडेल. आणि ०.३११ च्या गोळ्या आणल्यात की एक सवय आत्ताच लावून घ्या, टेबलावर एका वेळी एकच डबा उघडा, काम झालं की उरलेल्या गोळ्या त्याच डब्यात, तो बंद, मग दुसरा. तीन थाऊचा फरक डोळ्याला दिसत नाही, बोटालाही कळत नाही, आणि वाटीत मिसळलेल्या गोळ्या वेगळ्या करायला मग एकेक मायक्रोमीटरखालीच घालावी लागते. शिमने मोजून जो आकडा येईल तो आणि उडवलेल्या पुंगळीत गोळी घरंगळली की अडली, एवढं कळवा, मग पावडरचं बोलू.